चार बोटं आकाश

बटण दाबलं तर छताची काच
चार बोटं सरकली आणि थांबली.
मग ना पुढे, ना मागे. आत कुठेतरी
बॉबिन संपल्यावर मशीन चालतं
तसा रिकामा आवाज.

प्रतापनगरच्या गॅरेजवाल्याने उभ्या उभ्या पाहिलं.
बेन, अख्खी फ्रेम बदलावी लागेल, अडतीस हजार.
अडतीस हजारांसाठी किती चणियाचोळ्या शिवाव्या लागतात
हे त्याला सांगून काय उपयोग.
गाडी तरी मी कुठे छतासाठी घेतली होती!
कॅनडाला निघालेल्या एका कुटुंबाकडून, स्वस्तात,
नवरात्रीची गाठोडी पोचवायला.
आकाश वर फुकट आलं होतं.

रविवारी, दांडिया बाजारच्या गल्लीत ऊन चढायच्या आत
मी मागच्या सीटवर उताणी झाले.
पहिलाच स्क्रू चांदणीसारखा, सहा टोकांचा,
घरातला एकही पेचकस त्यात बसेना.
समोरच्या ओट्यावरून जयंतीकाका:
"एनो तो पानो जुदो आवे, बेन."
आणि पुन्हा पेपरात.
मांडवीजवळून तो आणला. ऐंशी रुपये.

मला शिवणं येतं म्हणून उसवणं येतं,
भांडवल एवढंच.
शेवटी घातलेला टाका आधी काढायचा,
पण हे कापड मी शिवलेलं नव्हतं.
काढलेला प्रत्येक स्क्रू हुकांच्या डबीत,
डोक्यावर टेलरच्या खडूने नंबर.
अस्तर खाली आलं आणि तोंडावर
परक्या माणसांची पाच वर्षांची धूळ.
टक्.
एक क्लिप तुटली.
दहा मिनिटं मी काहीच केलं नाही.
चहासुद्धा नाही.

मग टॉर्च दातात धरून पाहिलं
तर डाव्या खाचेत काहीतरी गुलाबी.
मांजा.
दातेरी तारेभोवती वेढ्यांवर वेढे,
त्यात चिक्कीच्या कागदाचा चंदेरी तुकडा
आणि एक तीळ.
म्हणजे कुठल्याशा उत्तरायणाला
त्या घरातलं पोर सीटवर उभं राहून
छतातून अर्धं बाहेर, ढील देत होतं,
आणि कोणीतरी "बस खाली, निघायचंय" म्हणत
बटण दाबलं.
पतंग कुठे पडला कोण जाणे.
दोरा इथे राहिला.

काचेची पूड लावलेला दोरा
शिवणाऱ्या बोटांनाही ओळख देत नाही.
दोनदा रक्त आलं. मग क्रोशाची सुई,
दुपार टळेपर्यंत.
ओढायचं नाही, गुंता ओढला की गाठ होते,
हे हातांना पाठ आहे.
मुलीशी फोनवर बोलताना मात्र आठवत नाही.

मशीनचं तेल सोडणार तोच काका ओरडले,
"ए नहीं! रबर खाई जशे!"
मग पांढरं ग्रीस, दातांच्या जुन्या ब्रशने.
पाणी जायच्या चारही नळ्या तुंबलेल्या.
हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती:
नेफ्यात नाडी ओवतात तसा
नायलॉनचा दोर ढकलत राहायचा,
कुठे अडलं ते बोटाला कळतं.
चाकाशेजारून काळं पाणी आलं,
मागोमाग कडुनिंबाच्या काड्या, मग स्वच्छ.

रात्री नऊला काच सरकली.
पुढे. मागे. उगाच पुन्हा पुढे.
काका टाळी वाजवणार होते, पण तळव्यावर तंबाखू होती.
तांब्याने पाणी ओतून पाहिलं.
उजवीकडून काही नाही.
डावीकडून, थांबून थांबून, तीन थेंब.
आणि डबीत एक स्क्रू उरलेला,
खडूचा नंबर पुसलेला.

तो कुठला ते बघू पुढच्या रविवारी.
मांजा रिकाम्या बॉबिनवर गुंडाळून ठेवलाय,
मागायला कोणी येणार नाही, माहीत आहे.
आणि त्या तीन थेंबांखाली, सीटवर,
घेरातून उरलेली एक चिंधी,
आरसे लावलेली.